पाणी मागण्याचे काम

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मला रुग्ण होण्याचे काम मिळाले.

ते देणारी माझी एके काळची विद्यार्थिनी होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात कविता शिकवीत असे आणि ती शेवटच्या बाकावर बसून, तिच्याच शब्दांत, अर्थ कधी लागतो त्याची वाट पाहत असे. आता ती एका परिचर्या महाविद्यालयात शिकवीत होती. शेवटच्या वर्षाच्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर कुठल्याही रुग्णालयात नोकरी नाही. सरावासाठी त्यांच्याकडे प्लॅस्टिकचा एक महागडा पुतळा होता. त्याची छाती वरखाली होई, मनगटात नाडीसुद्धा लागे.

"पण मॅडम, तो कण्हत नाही," ती फोनवर म्हणाली. "घाबरत नाही, एकच प्रश्न चारदा विचारत नाही. आम्हाला माणूस पाहिजे. आणि तुमच्या आवाजात ते सगळं आहे."

कविता वाचणे आणि कण्हणे यांत फरक असतो, असे मी तिला सांगू शकले असते. मी फक्त वेळ विचारली.

माझे पती गेल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. मूलबाळ नव्हते. ते नसण्याचे दुःख आम्ही दोघांनी मिळून केव्हाच वापरून संपवले आहे, असा माझा समज होता. एकटीच्या वाट्याला ते पुन्हा कोरे होऊन आले. घरात कूलरचा आवाज असे. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत राही आणि ओल्या वाळ्याचा गंध दुपारभर खोल्यांतून फिरत राही, कोणाशीही न अडखळता. एका माणसापुरती कणीक भिजवू गेले, की ती परातीत दिसतच नसे, बोटांनाच चिकटून संपून जाई. कित्येक दिवस असे जात, की स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐके तो भाजीवाल्याशी बोलताना, आणि तो घोगरा, पुष्कळ दिवस न उघडलेल्या कुलपासारखा निघे.

त्यांची सरावाची खोली लांबोडी होती. भिंतीलगत खाटा, खाटांमध्ये हिरवे पडदे, आणि सगळ्यावर स्पिरिटचा, नव्या रेक्झिनचा आणि मुलींच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा मिळून एक वास. रोज मला एक कागद मिळे. आज छातीत दुखते आहे. आज साखर वाढली आहे. आज बाळंतपणानंतरचा दुसरा दिवस. या शेवटच्यावर मी हसले तेव्हा माझी विद्यार्थिनी म्हणाली, वयाकडे मुली पाहणार नाहीत, लक्षणांकडे पाहतील. आजार, वेदना, ताप, सारे त्या कागदावर नेमून दिलेले असे. फक्त एका ठिकाणी मोकळीक होती. घरी कोण कोण आहे, हा प्रश्न प्रत्येक मुलगी विचारणार होती, आणि त्याचे उत्तर मी माझ्या मनाने द्यायचे होते.

पहिल्या दिवशी मी एक मुलगा सांगितला, कळमन्याच्या बाजारात धान्याच्या आडतीवर बसणारा. दुसऱ्या दिवशी त्याला बायको आली. तिच्या हातचे वरण पातळ होते. मग एक नात आली, जिला दुधाच्या सायीची शिसारी होती. मग धाकटा मुलगा, जो दूर असतो आणि रविवारी फोन करतो. मी हे काही ठरवून रचले नाही. मुली विचारीत गेल्या आणि घर भरत गेले. रोग रोज बदले, घर बदलत नसे. त्यामुळे मुलींचा हळूहळू असा समज झाला, की मावशींचे रोग खोटे असतात आणि घर खरे. मुली मधल्या सुट्टीत विचारीत, नातीची परीक्षा झाली का. मी सांगे, झाली, गणित अवघड गेले म्हणते.

त्या खोलीत मी आणखी एका गोष्टीसाठी जाऊ लागले होते, आणि ती सांगताना आजही संकोच वाटतो. त्या माझी नाडी पाहत. तीन बोटे मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून, नजर घड्याळावर लावून त्या उभ्या राहत. मोजणारीचे ओठ किंचित हलत. त्या वेळात ती दुसरे काही करू शकत नसे, कोणाशी बोलू शकत नसे. तितका वेळ ती सगळीच्या सगळी माझ्या मनगटाशी असे. कोणाची बोटे गार असत, कोणाची घामेजलेली, एकीच्या बोटांना मेंदीचा ओला वास होता. मी डोळे मिटून घेई. त्यांना वाटे, मावशी फार छान आजारी पडतात.

दुपारी माझी विद्यार्थिनी त्यांना लेखी परीक्षेचे प्रश्न घालीत असे आणि मी खाटेवर पडून ऐकत असे. चार रुग्ण आहेत. आधी कोणाकडे जाल? एक पायाच्या प्लास्टरखाली खाजते म्हणून आरडाओरडा करतो आहे. एकाला आत्ताच्या आत्ता घरी जायचे आहे. एकीला भांडे हवे आहे. आणि एक सकाळपर्यंत बोलत होती, ती आता चादरीचे टोक चिमटीत धरून गप्प पडली आहे. मुली बहुधा आरडाओरडा करणाऱ्याकडे धावत. "ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढं तर तो स्वतःच सांगून राहिला ना," ती म्हणे. "तुम्ही न सांगणाऱ्याकडे जा." आधी पाहा, मग त्याचा अर्थ लावा, मग कशाला आधी हात घालायचा ते ठरवा, मग करा, आणि केल्यावर परत पाहा, असे ती पुनःपुन्हा घोकून घेई. वर्गात मी कविता अशीच वाचायला सांगत असे: अर्थाकडे उडी मारू नका, आधी ओळीत काय आहे ते पाहा. तेव्हा तिला ते जमले नव्हते. माणसे मोठी झाल्यावर आपलेच बोलणे आपल्याला दुसऱ्या भाषेत परत करतात.

त्या मुलींत एक नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून आलेली होती. उंच, थोडी वाकून चालणारी, हात मोठे आणि ऊबदार. तिच्या घरी मोसंबीची बाग होती. आई कधी काळी नागपुरात दवाखान्यात होती तेव्हा एका नर्सने जाता जाता तिची उशी उलटून गार बाजू वर केली होती. ते पाहून हिने ठरवले, की आपण हे व्हायचे. पुस्तकात ती हुशार होती. पण आदल्या वर्षी प्रात्यक्षिकात नापास झाली होती, आणि आता घरून निरोप होता, की एवढ्या वेळ पाहू. हा निरोप आजोबांचा होता, आणि आजोबांच्या 'एवढ्या वेळ'ला दुसरी वेळ नसते, हे तिला ठाऊक होते. यंदा नाही झाले तर नोंदणी नाही, नोकरी नाही, सामान बांधून गावी.

ती नापास झाली होती पाण्यामुळे.

एक प्रसंग त्या परीक्षेत हमखास येई. रुग्णाच्या पोटाची शस्त्रक्रिया काही तासांवर आली आहे. पोट रिकामे हवे. भूल दिल्यावर पोटातले पाणी उलटून फुप्फुसात गेले तर माणूस जाऊ शकतो. म्हणून खाटेच्या डोक्याशी पाटी असते, 'तोंडावाटे काही नाही'. आणि रुग्ण पाणी मागत असतो. माझ्या कागदावर तेवढेच काम लिहिलेले असे: वारंवार पाणी मागावे. बाकीच्या मुली पाटीकडे बोट दाखवून नाही म्हणून मोकळ्या होत. हिच्याच्याने ते होत नसे. मी एकदा मागितले, की ती पाटीकडे पाही. दुसऱ्यांदा मागितले, की माझ्याकडे पाही. आणि तिसऱ्यांदा मागेपर्यंत तिच्या हातात पेला आलेला असे. तो कसा आला हे तिलाही सांगता येत नसे.

"तू नर्स होणार का रस्त्यावर पाणपोई टाकणार?" माझी विद्यार्थिनी सगळ्यांसमोर म्हणाली. मुली हसल्या. तीही हसली, आणि पेला तसाच हातात धरून उभी राहिली.

मधल्या सुट्टीत ती माझ्या खाटेशी आली. "मावशी, तुमी लय खरं मागता," ती म्हणाली. "जरा कमी मागा ना मले."

मी म्हटले, "मी कमी मागितले, तर परीक्षेत बाहेरची बाई जास्त मागेल."

ती स्टुलावर बसली आणि गावाकडचे सांगू लागली. बाग पाहायला व्यापारी येतात. भावावरून वडिलांचे त्यांच्याशी असे वाजते, की शेजारच्या शेतातली माणसे मोटारपंप बंद करून ऐकतात. पण आलेल्याच्या हातात आधी गडवा जातो. तो पाणी प्यायल्याशिवाय भाव निघत नाही, भांडणही निघत नाही. "वैरी आला तरी पाणी पयले," ती म्हणाली. "आता इथं बाई मरणाची तहान लागली म्हणून राहिली, अन् मी पाटी दाखवू? हात कसा धरून ठेवू, सांगा."

वर्गात मी तहानेवर कितीतरी बोलले होते. तहान म्हणजे हे, तहान म्हणजे ते. त्या खाटेवर तहान नुसती तहान होती, आणि तिचे उत्तर पाणी नव्हते. मुलीच्या तक्रारीत तथ्य होते, हेही मला आतून कळत होते. मागताना मी पाण्याचा विचार करीत नसे.

मग पुढच्या काही दुपारी आम्ही दोघी, इतर जेवायला गेल्यावर, फक्त नाही म्हणण्याचा सराव करीत बसलो. सुरुवातीला तिचे 'नाही' दार लावल्यासारखे येई, आणि ते लावून झाल्यावर तीच त्या दाराबाहेर रडकुंडीला येऊन उभी राही. एक दिवस तिने वेगळे केले. मी पाणी मागितले तेव्हा ती उत्तर देण्याआधी बसली. माझा हात हातात घेतला. पाणी आत्ता का द्यायचे नाही ते मला समजेल अशा शब्दांत सांगितले. मग कापसाचा बोळा गार पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, माझ्या ओठांवरून फिरवला. "ओठ ओले करून देते. गिळाचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरले विचारून येते, अजून किती वेळ आहे ते. नाही समजलं तरी परत येऊन सांगते."

आणि ती खरोखर खोलीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बोळ्याचा गारवा ओठांवर वाळत होता तोवर मी दाराकडे पाहत होते. कोणीतरी परत येऊन सांगणार आहे, या वाट पाहण्याला एक चव असते; ती मी विसरून गेले होते.

माझ्या विद्यार्थिनीने ते पाहिले आणि मान हलवली. मुलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

परीक्षेच्या दिवशी ऊन सकाळपासूनच पांढरे होते. बाहेरगावच्या परीक्षक बाई यायच्या होत्या. त्यांची गाडी उशिरा पोचली. मी घरून चहाबरोबर दोन बिस्किटे खाऊन, रक्तातली साखर उतरवणारी गोळी घेऊन निघाले होते. त्या गोळ्या मला अलीकडेच सुरू झाल्या होत्या. दुपारच्या जेवणाला घरी परतू, असा हिशेब होता. पण परीक्षा सुरू व्हायलाच जेवणाची वेळ झाली. परीक्षक बाई कडक होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. रुग्णाने मध्ये उठायचे नाही, असा त्यांचा नियम होता. एकामागून एक मुली आल्या, प्रत्येकीला चिठ्ठीतून प्रसंग मिळाला, आणि मी एकाच खाटेवर पडून दम्याची, भाजलेली, पडून मांडी मोडलेली अशी होत गेले.

तिची पाळी आली तेव्हा तिला तोच प्रसंग निघाला. पाटी टांगली गेली. पडद्याआड माझ्या विद्यार्थिनीने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

त्या वेळपर्यंत माझ्यात काहीतरी बदलले होते, आणि ते मला चांगलेच वाटत होते. भूक लागून निघून गेली होती. कूलर चालू असूनही पाठीचा कणा गार पाण्याने ओला होत होता. हिरव्या पडद्याचा हिरवा रंग कडांपासून सुटून तरंगत होता. बोटे थरथरत होती, पण ती माझी नाहीत अशा अंतरावर. मला वाटले, आज भूमिका फार छान उतरली आहे.

ती आली. नमस्कार केला, मी तुमची नर्स म्हणाली. तीन बोटे माझ्या मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहू लागली. मोजून झाल्यावर रीतीप्रमाणे विचारले, "मावशी, घरी कोण कोण आहे?"

मला उत्तर पाठ होते. कळमन्याचा मुलगा, त्याची बायको, सायीला नाक मुरडणारी नात. मी त्यांना शोधू लागले. ती माणसे एका फार लांबच्या खोलीत होती आणि त्या खोलीचा दिवा गेलेला होता.

"कोणी नाही," मी म्हणाले.

परीक्षक बाईंनी ते कागदावर लिहून घेतले. त्यांच्या दृष्टीने ते एक उत्तर होते. पण मनगटावरची बोटे हलली नाहीत.

"मोठा मुलगा असते ना तुमचा? कळमन्याले?" तिने हळूच विचारले.

"कोणी नाही, बाई."

तिने माझ्या कपाळावर तळहात ठेवला. कागदाप्रमाणे मला ताप असायला हवा होता. कपाळ गार आणि निथळत होते. ती अगदी जवळ वाकली, आणि परीक्षेची भाषा तिच्या तोंडून गळून पडली. "मावशी, खरं सांगा बरं. नाटक करून राहिल्या, का खरंच होऊन राहिलं तुमाले?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. पुढचे बरेचसे मला माझ्या विद्यार्थिनीने सांगितले. मुलगी वळून परीक्षकांना म्हणाली, की मी हा प्रसंग थांबवते, या बाई खरोखर आजारी आहेत. परीक्षक बाई म्हणाल्या, की परीक्षार्थीने प्रसंग थांबवायचा नसतो, रुग्ण जे दाखवतो त्याला उत्तर द्यायचे असते, पुढे चला.

"मग मले शून्य द्या, मॅडम," ती म्हणाली, आणि टेबलाकडे गेली.

रक्तातली साखर पाहायचे यंत्र तिथे खरेच होते, मुली एकमेकींची बोटे टोचून शिकत. तिने माझे बोट टोचले. आकडा फारच खाली पाहून तिने यंत्र परीक्षकांसमोर धरले आणि उत्तराची वाट न पाहता पेल्यातल्या पाण्यात साखर ढवळली. मला आठवते ते इथून. मानेखाली एक मोठा ऊबदार हात. "एकच घोट. गिळा. तोंड उघडा, पाहू द्या. आता दुसरा." घोट नीट उतरतो आहे हे पाहिल्याशिवाय ती पुढचा देत नव्हती. गोडी आधी जिभेला नव्हे, डोळ्यांना कळली. पडद्याचा हिरवा रंग पुन्हा पडद्यावर जाऊन बसला. माझ्या डोक्याशी 'तोंडावाटे काही नाही' ही पाटी तशीच टांगलेली होती आणि मी तिच्याखाली घोटाघोटाने पाणी पीत होते. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोट टोचले. आकडा वर आला होता. मग कोणीतरी माझ्या हातात पोळीचा तुकडा दिला.

मला शेजारच्या खाटेवर नेण्यात आले. परीक्षक बाईंनी निर्णय दिला, की झालेला प्रसंग धरता येणार नाही; हिने तोच प्रसंग पुतळ्यावर पुन्हा करून दाखवावा.

पडद्यापलीकडून मी ते सगळे ऐकले. तिने पुतळ्याला नमस्कार केला. पुतळ्याच्या वतीने परीक्षक बाई बोलत होत्या, कोरड्या, सपाट आवाजात: पाणी द्या. पाणी द्या. पाणी द्या. मुलगी बसली, तिने समजावले, बोळा भिजवला. पण तिचा आवाज कापत होता आणि मध्येच एका ठिकाणी तो थांबला. खाटेचा कठडा लावायचा राहिला, असे माझ्या विद्यार्थिनीने दबक्या आवाजात स्वतःशीच म्हटले. मी हातातला पोळीचा तुकडा धरून होते. तो चावला तर आवाज होईल, असे मला वाटले. तिचे वर्ष त्या कापणाऱ्या आवाजावर टांगलेले होते, आणि तो आवाज कापत होता माझ्यामुळे.

शेवटी परीक्षक बाईंनी विचारले, "त्या बाई नाटक करीत नाहीत, हे कशावरून ओळखलेस?"

ती बोटांवर मोजल्यासारखी सांगत गेली. घाम होता, तोही गार. नाडी जलद. हात थरथरत होते, बोलणे जड होते. "अन् मॅडम, त्यांनी पाणी मागितलंच नाही. इतक्या दिवसांत असं झालं नाही."

"आणखी काही?"

"हो. घरी कोणी नाही म्हणाल्या." ती म्हणाली. "त्यांचं घर तर भरलेलं आहे, मॅडम. मुलं आहेत, सून आहे, नात आहे. डोक्यात गडबड झाल्याबिगर कोणती बाई असं म्हणन?"

पडद्याच्या अलीकडे माझी विद्यार्थिनी उभी होती. तिला माझे घर माहीत होते, माझ्या पतींच्या तेराव्याला ती येऊन गेली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. खाली वाकून ती माझ्या चपला उगाच सरळ करीत राहिली.

तिनेच मला रिक्षाने घरी सोडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि उपाशी राहू नका म्हणाले. आठवड्याने तिचा फोन आला. आवाजात अवघडलेपण होते. यापुढे सरावाला पुतळाच वापरायचा, असे महाविद्यालयाने ठरवले होते. बाहेरच्या माणसाची जबाबदारी कोण घेणार. "पुतळ्याला साखर नाही ना, मॅडम," ती म्हणाली. मी तिच्यासाठी हसले.

ती मुलगी निकालाची वाट पाहायला गावी गेली होती. दोनदा तिने फोन करून जेवण झाले का विचारले, आणि दोन्ही वेळा निकालाविषयी काही बोलली नाही; मीही विचारले नाही. उन्हाळा तसाच उभा होता. कधी कधी दुपारी मी उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवून पाहत असे. नाडी लागे. पण आपणच आपली नाडी धरली, की तिच्या दोन्ही टोकांना आपणच असतो. मग मी ते सोडून दिले आणि तिच्या परीक्षेचा विचार करीत राही. कठडा राहिला, आवाज कापला, पण समजावले नीट, बोळा पिळला होता. माझ्या उभ्या आयुष्यात शेकडो मुलांचे निकाल लागले. कोणाच्या एका निकालासाठी मी इतकी जागी नव्हते.

निकाल आला तेव्हा मी सीताबर्डीहून मेट्रोने परतत होते. मांडीवर पडद्याच्या कापडाची पिशवी होती. फोनवर आधी मोटारपंपाची घरघर आली, मग तिचा आवाज.

"मावशी, झाली मी पास."

मी काय म्हणाले ते डब्याच्या आवाजात मलाच नीट ऐकू आले नाही. ती भराभरा बोलत होती. आजोबा सकाळपासून ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होते. आता नोंदणीचे कागद, मग नोकरी. अमरावतीकडे एका रुग्णालयात जागा आहे म्हणतात. मग ती म्हणाली, "तुमच्या घरी साऱ्यांले सांगा बरं का. नातीले बी सांगा."

खिडकीबाहेर सिमेंटची घरे मागे जात होती. गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. तिला खरे सांगण्याची ती वेळ नव्हती; आणि खोटे सांगायचे, तर मला ती खाट लागत असे.

"तू पास झालीस," मी म्हणाले. "मी सांगते."

फोन बंद झाला. सांगते म्हटले होते. शेजारी एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान, पायांशी भाजीची थैली, पदराने वारा घेत बसलेल्या. मी त्यांच्याकडे वळून म्हटले, "एक मुलगी नर्सच्या परीक्षेत पास झाली."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा. तुमची का?"

"नाही," मी म्हणाले. "मी तिची पेशंट होते."

त्यांनी पदर थांबवला आणि मला नीट पाहिले, केसांपासून चपलांपर्यंत. "बऱ्या हाय ना आता तुमी?"

मी हो म्हणाले. पुढचे स्थानक त्यांचे होते. थैली उचलून त्या दाराकडे गेल्या. दार उघडले तसे बाहेरचे ऊन आत आले.